भोंगेकाका आणि न तुटलेली तार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पाठीच्या कण्यात बसवायच्या ज्या तारेमुळे आमच्या कंपनीत मला मान आहे, तिच्यातल्या दोन मुख्य युक्त्या माझ्या नाहीत. त्या कामरगावच्या भोंगेकाकांच्या. नुसत्या घेतल्या असत्या तरी एक वेळ ठीक होतं. पण काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नाही जमलं हो काका." जमलं होतं.

लग्न असो, जयंती असो, उरुसातली कव्वाली असो, आमच्या पट्ट्यात भोंगे लागायचे ते काकांचेच. 'माईक टेस्टिंग' असं ते कधी म्हणाले नाहीत. आधी स्वयंपाकाकडे एक चक्कर मारून यायचे आणि मग माईकवर सांगायचे, "हॅलो, वांग्याची भाजी झाली हाय. मी चाखली. मीठ बराबर हाय." त्यांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. एका लग्नात नवरदेवाच्या मेव्हण्याची पँट मागून उसवली. त्यानं हळूच येऊन, कुठं सुईदोरा मिळेल का, असं कानात विचारलं. पाच मिनिटांत चारही भोंगे बोलले, "मालेगावच्या पाव्हण्यायनं मांडवामांगं यावं. सुई भेटली. धागा पांढरा हाय, चालत असंन तं पाहा." काकांच्या मनात चेष्टा नव्हती. पाहुण्याची अडचण सुटली ही आनंदाची बातमी, ती लपवायची कशाला?

त्यांची दुसरी खूण म्हणजे माईकची मान. वायर जिथं माईकमधून बाहेर येते, तिथं सायकलच्या ट्यूबचे तीन तुकडे एकावर एक चढवलेले असत. आतला लांब, मधला आखूड, वरचा आणखी आखूड. चाळीस वर्षं गवयांनी आणि पुढाऱ्यांनी ते माईक हिसकले, पण एक वायर तुटली नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

पाच-सहा वर्षांपूर्वी चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गावी गेलो, तेव्हा माझ्या खिशात आमच्या तारेचा तुटका नमुना होता. शेवईएवढी बारीक तार, टोकाला धातूच्या आठ कड्या. मज्जारज्जूच्या मागच्या अंगाला ती सरकवतात. कड्यांमधून विजेचे सूक्ष्म झटके दिले की औषधांना न जुमानणारी वेदना दबते. माणूस वाकला की तारही वाकते, आणि आमच्या चाचणीच्या यंत्रात ती दर वेळी एकाच जागी तुटत होती. तिला शरीरात बांधून ठेवणारी कडक बाही जिथं संपते, नेमकी तिथं. तीन महिने आम्ही धातू बदलत बसलो होतो.

मांडवात मी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उन्हात धरला.

"हे माणसाच्या आंगात टाकता तुमी?"

"हो."

"अन् तुटते कुठं?"

मी जागा दाखवली. काका हसायला लागले. "तार मधात नाई मरत, बाप्पा! कडक संपते अन् नरम सुरू होते, तिथंच मरते. तुमी तार बदलून राह्यले. तिचा काय गुन्हा? कडकपणा एकदम नोको सोडू. पायऱ्या दे त्याले, पायऱ्या!" असं म्हणून त्यांनी माईकची मान माझ्या हातात दिली. लगेच माईक परत घेऊन, "हॅलो, आपला इंजिनेर भाऊ पुण्याहून आला हाय, त्याले कोणी पाणी द्या."

पुण्याला परतून मी बाहीच्या तोंडाशी सिलिकॉनची नळी बसवली, तीन टप्प्यांत नरम होत जाणारी. यंत्र वाकवत राहिलं, तार तुटेना. बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे सुचलं कसं?" मी गप्प राहिलो. मुळात मी कमी बोलतो, तेव्हा लोकांना तो विनय वाटला. विनय कसला? परदेशात शिकून आलेल्या त्या मंडळींसमोर 'लग्नातल्या भोंगेवाल्यानं सांगितलं' म्हणायची मला लाज वाटली. पेटंटच्या अर्जावर शोधकर्ता म्हणून माझं नाव गेलं.

महिन्याभरानं काकांचा फोन आला. "काय झालं रे तुह्या तारेचं?" खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत ते अख्ख्या कामरगावला भोंग्यावरून कळलं असतं. म्हणून मी खोटं बोललो.

काका म्हणाले, "असं काहून झालं? बरं, घाबरू नोको. करू आपण काईतरी."

आणि त्यांनी खरंच सुरू केलं! पुढची दोन वर्षं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर पुड्या येत राहिल्या. बॉलपेनच्या स्प्रिंगा आल्या. कारल्याच्या वेलाचा गोल वळलेला तंतू आला, "वाऱ्यानं हालते पण तुटत नाई, पाहून घे" अशा चिठ्ठीसह. एकदा तर तांब्याच्या तारेची तिपेडी वेणी आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुही काकू म्हणते, वेणी दिवसभर झटके खाते, तुटली का कदी? हे तिनंच घातलं. तिचंबी नाव लावजो." मी एकटाच खो खो हसलो. मग ती वेणी खणात तळाशी ठेवली.

दुसरी युक्ती फोनवर मिळाली. नव्या तारेला झटका द्यायचा होता आणि त्यावर नस काय उत्तर देते तेही ऐकायचं होतं. पण आमचाच झटका इतका मोठा की नसेची कुजबुज त्यात बुडून जायची. अडचण सांगितली तसे काका ओरडले, "अरे, भोंग्यासमोर माईक ठेवून राह्यला तू! दोन माईक ठेव, गाणारा एकाच्याच जवळ. भोंगा दोघायले सारखा आयकू आला पाह्यजे. मंग एकाच्या वायरी उलट्या जोड. भोंगा भोंग्याले खाऊन टाकते, गाणारा तेवढा उरते." कव्वालीच्या मुकाबल्यात भोंग्याची शिट्टी त्यांनी अशीच बंद केली होती म्हणे. आम्ही ऐकणाऱ्या दोन कड्या अशा जागी बसवल्या की आमचा झटका दोघींना सारखा पोचावा, आणि एकीतून दुसरी वजा केली. पडद्यावर नसेची नाजूक लाट उमटली. मी काकांना कळवलं, "यावेळीपण थोडक्यात राहिलं."

ती तार बसवलेल्या एका बाईंना मी दवाखान्यात पाहिलं. कित्येक वर्षांनी त्या जिना चढल्या. वर पोचल्या, काही काम नसताना खाली आल्या आणि हसत पुन्हा वर गेल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्याही हातांनी वाजवल्या.

गेल्या उन्हाळ्यात सांगायचं ठरवूनच कामरगावला गेलो. भोंग्यांखाली आयुष्य गेल्यामुळे काकांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. काकू म्हणाल्या, "भाऊ, चौकात आयकू गेलं पाह्यजे इतकं मोठ्यानं बोला, तवा यायले समजते." मी ओरडलो, "काका!" समोरच्या ओट्यावरच्या बायका माना वळवून पाहू लागल्या. मी म्हणालो, "तब्येत कशी आहे?"

"एकदम मस्त! तुह्या तारेचं सांग. म्या अजून सोडलं नाई बरं!" असं म्हणत काका लगबगीनं आत गेले आणि रबराची एक नवी मान घेऊन आले. यावेळी पाच पायऱ्यांची. ती माझ्या हातात ठेवताना त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी 'जयभीम' म्हणून कारंज्याची जीप धरली.

पेटंटवर सहशोधकाचं नाव नंतर जोडता येतं, याची खात्री मी करून घेतली आहे. ते साहेबांना सांगणं बाकी आहे. आणि काकांना सांगायचं एक वाक्य माझ्याकडे आहे: "काका, तुमचं दोन्ही वेळा जमलं." ते त्यांच्या दारात उभं राहून, चौकात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.