नकाशात नसलेली विहीर

सुनावणीला गेलेला माणूस निर्णय घेऊन परत येत नाही, किस्सा मात्र घेऊन येतो. आमच्या वस्तीत असे बरेच साठलेत. कारण एकच, वस्तीमागचं शेत. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शहराच्या आराखड्यात ते हिरवं आहे, म्हणजे शेतीचं. मालकाला ते पिवळं करून हवंय, म्हणजे घरांसाठी. त्या शेतात एक विहीर आहे. उन्हाळ्यात नळ आटले की अख्खी वस्ती तिचंच पाणी पिते. प्लॉट पडले की ती बुजणार!

*

शेजारच्या प्रल्हादकाकांना मी नगरपरिषदेच्या कार्यालयात नेऊन भिंतीवरचा नकाशा दाखवला.

"हिरवाच तं हाये. कायले भेऊन राह्यली?"

"काका, तो पिवळा होणार आहे!"

"उन्हाळ्यात सारंच पिवळं होते, बाई," म्हणाले, आणि खिडकीतून ढग बघत बसले.

*

हरकतींच्या पहिल्या सुनावणीला एकाच अर्जावर साऱ्या वस्तीच्या सह्या. केवढी एकी! तिथे कळलं, एक अर्ज म्हणजे एकच हरकत आणि बोलणार एकच माणूस, पहिल्या सहीचा. पहिली सही काकांची!

काका उठले. "माहं काही म्हननं नाही जी. ह्या पोरीचं हाये." आणि बसले.

*

सुनावणी घेणाऱ्या साहेबांची बदली झाली, सुनावणी पुन्हा लागली. या वेळी प्रत्येकाचा वेगळा अर्ज. वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या कमळाआजीचा अर्ज मी लिहिला आणि घाईघाईत त्याच्याच झेरॉक्स वाटल्या.

नवे साहेब वाचू लागले, "'लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून मी या विहिरीचे पाणी भरते.' प्रल्हादराव, लग्न होऊन तुम्ही इथे आलात?"

"व्हय जी. घरजवाई हाओ ना मी!"

*

मग मालकाच्या इंजिनिअरनं रंगीत चित्र उघडलं. बंगले, बाग, मधोमध कारंजं.

"पानी कुठून आननार?" काकांनी विचारलं.

"शेतातल्या विहिरीतून."

"अन् विहीर?"

"ती बुजवणार आहोत."

इंजिनिअरनं चित्राची गुंडाळी केली.

*

शेवटी कमळाआजीचा पुकारा झाला. टेबल पुरेना म्हणून नकाशा फरशीवर अंथरला होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो हळूच फुगायचा, बसायचा. जणू गाव झोपेत श्वास घेतंय.

साहेब म्हणाले, "आजी, नकाशात विहीर कुठेच नाही. दाखवा बरं."

आजीनं चपला काढल्या आणि ती नकाशावर चढली. पदर सावरत, रोज पाण्याला निघते तशी चालू लागली. "हे माहं घर. हा विहार. हे चिचेचं झाड." झाडही नकाशात नव्हतं. तरी ती क्षणभर सावलीत थांबली.

मग शेताच्या हिरव्या रंगातल्या एका कोऱ्या जागेपाशी आली आणि थबकली. साहेब नीट बघायला पुढे सरकले.

"सायेब, जपून! कठडा नाही तिले."

साहेब जागीच थांबले.

निर्णय नंतर कळवू म्हणाले. फायली गोळा झाल्या. दार नकाशाच्या पलीकडे होतं. साहेबांनी बूट काढून हातात घेतले, नकाशावरून चालत निघाले, आणि त्या कोऱ्या जागेला वळसा घालून गेले.