डालगं फाटकाबाहेर

कुसाबाईच्या फाटकासमोर चुन्याचा पांढरा पट्टा आहे. त्यावर पाय घासल्याशिवाय ती कोणाला आत घेत नाही. सरपंचाला नाही, भावकीला नाही, पोटच्या पोरालाही नाही. गाव तिला यावरून नावं ठेवतं. ती ठेवू देते. पट्टा पुसट झाला की पुन्हा चुना टाकते.

मी निवृत्ती, तिचा शेजारी. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जन्मभर कांद्याच्या गोण्या वाहिल्या. आता पाठ साथ देत नाही, म्हणून घरी शेळ्या आणि थोड्या कोंबड्या पाळतो. माणूस किती बोलतो ते मी बघत नाही, किती वाकतो ते बघतो. कुसाबाई वाकते.

तरुणपणी ती द्राक्षबागेत घडांची विरळणी करायची. दिवसभर मान वर, हात वर. खांदे गेले तशी पॅकहाउसला लागली. तिथे उभं राहून गुडघे गेले. नवरा वारला तेव्हा म्हणाली, आता कोणाच्या हाताखाली नाही. गावरान कोंबड्या आणि दोन शेळ्या, त्यावर तिचं घर चालतं. मुलगा रविराज नाशिकला अंबडच्या कारखान्यात आहे. पोरगा चांगला आहे, पण आईनं आपल्याकडे यावं हा त्याचा हट्ट.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबडी झिंगते, मान पिळवटते, हिरवट हगते आणि मरते. आमच्या गावात एक रीत आहे. रोग आला की ज्या कोंबड्या अजून खातपीत असतात त्या बांबूच्या डालग्यात भरायच्या आणि नातेवाइकाकडे ठेवून यायच्या. आपल्या वाचाव्यात म्हणून. कुसाबाईची धाकटी जाऊ ठमाबाई अशाच आपल्या कोंबड्या घेऊन आली. कुसाबाईनं त्या आपल्या खुराड्यात ठेवून घेतल्या. आठवड्यात खुराडं रिकामं झालं. दोघींचंही.

तेव्हा रविराज आईला घ्यायला आला होता. कुसाबाई म्हणाली, "एक साल दे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असंच झालं तर घराला कुलूप लावते अन् तुझ्यामागं येते."

"मग तेव्हा कुरकुर नको, आई."

"माझा शब्द हाय."

तिनं पुन्हा पिल्लं आणली आणि वाढवली.

थंडीत आम्ही पाळणारी माणसं गिरणीपाशी बसतो. दळण होईपर्यंत बोलणं शेळ्याकोंबड्यांचंच. कोण म्हणतं पिल्लांना हळदीचं पाणी पाजा, कोण म्हणतं शेळीला सकाळी हिरव्यावर सोडण्याआधी कडबा टाका. शेवटचं खरं आहे, मी करून पाहिलं आहे. पुंजाबाबा मात्र सगळ्या रोगांवर एकच औषध सांगतो.

"मानमोडीला कांद्याचा रस अन् वर घोटभर दारू. कोंबडी टुणकन उठती."

"मागल्या साली पाजली व्हती ना, बाबा?" कुसाबाईनं विचारलं.

"पाजली की."

"कोंबड्या मेल्या. मग बाटलीतली उरलेली कोणाला लागू पडली?"

गिरणीवाला हसता हसता खोकायला लागला. त्यातच कुसाबाईनं आपला विषय काढला. मानमोडीची लस असते, पण कुपी शंभर कोंबड्यांची येते. एकदा फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. शंभर कोंबड्या गल्लीत कोणाकडे नाहीत, सगळ्यांच्या मिळून होतात. एका सकाळी सगळ्यांनी आणल्या की काम झालं.

"सुई टोचली का कोंबडी अंड्यावरून उतरती," ठमाबाई म्हणाली.

"उतरंल थोडे दिस. मेल्यावर किती घालती?"

ती घरोघर फिरली. सगळे हो म्हणाले. ठरल्या सकाळी ती ओट्यावर लसीसाठी बर्फाचा थर्मास घेऊन बसली. तालुक्याहून दवाखान्यातला माणूस आला. तिच्या कोंबड्या टोचून झाल्या, मी माझ्याही नेल्या. पुंजाबाबानं एक कोंबडा आणला, तोही विचारायला, की हा कापला तर सुईचं औषध माणसाला चढतं का. बाकी कोणी आलं नाही. कोणाला पाणी भरायचं होतं, कोणाला विसर पडला होता. लस बरीचशी उरली, ती फेकून दिली. कुसाबाईनं थर्मास धुतला आणि शेळ्यांना पाला आणायला गेली. तिनं तारेचं कुंपण आणि चुन्याचा पट्टा केला तो त्याच आठवड्यात.

उन्हं तापली आणि मानमोडी आली. आधी वरच्या आळीत, मग आमच्या. एका दुपारी ठमाबाई डोक्यावर डालगं घेऊन फाटकाशी उभी राहिली. आत कोंबड्या फडफडत होत्या.

"बाई, फाटक काढा."

"तू ये. पाय घास अन् ये. डालगं ऱ्हाऊ दे भायेर."

"चांगल्या हायेत वो या. सकाळी दाणे खाल्ले."

"मागल्या सालीबी खाल्ले व्हते."

"म्हंजी मी मुद्दाम केलं म्हणता?"

"नाय म्हणत. पण घेणार नाय, ठमे."

ठमाबाई ओरडायला लागली. गल्ली गोळा झाली. "सख्ख्या जावेला दारातून परत धाडती! मेल्यावर कोंबड्या खांदा देतील का हिला?"

कुसाबाई फाटकाला हात लावून उभी होती. म्हणाली, "तवाचं तवा. आता डालगं घरी ने. सावलीत ठेव, पाणी दे, मेलेल्या खोल पूर. अन् आणखी कोणाच्या दारी नेऊ नको."

ठमाबाईनं ते शेवटचं ऐकलं नाही. डालगं तिनं बहिणीकडे नेलं. तिथल्याही गेल्या.

त्यानंतर कुसाबाईशी कोणी बोलेना. ठमाबाईच्या नातवाचं जावळ झालं, हिला बोलावणं नाही. हिनंच त्या पोराला पाळण्यात घातलं होतं. त्या दिवशी तिनं खुराडं दोनदा झाडलं. मी कुंपणातून पाहिलं. पुढे एक कोंबडी मान टाकून बसली. कुसाबाईनं ती लगेच उचलून लांब लिंबाखाली वेगळी ठेवली, हात घासून धुतले. ती मेली. खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरली. खड्डा तिनंच खणला. मी कुदळ मागितली ती दिली नाही. मग रोज उजाडताच खुराड्यासमोर उकिडवी बसायची आणि एकेकीची मान बघायची. बाकीच्या दाणे टिपत राहिल्या.

रविराज आला तो काकाकडे, म्हणजे ठमाबाईच्याच घरी, चहा पिऊन, मोठ्या दोन रिकाम्या बॅगा घेऊन. फाटक ढकलणार तोच आतून आवाज आला.

"कुठून आलास?"

"काकांकडून. का गं?"

"बूट तिथंच काढ. पाय घास. बॅगा भायेर."

पोरगा मुकाट्यानं पाय घासून आत गेला. "एक मेली म्हणे," तो म्हणाला.

"एक मेली. एक म्हंजी सगळ्या नव्हं."

"आई, गावात कोणी बोलत नाही तुझ्याशी. काका सांगत होते. एकटी पडलीस. कशासाठी राहायचं इथं? चल."

कुसाबाईनं पाटीतले दाणे फेकले. कोंबड्या धावत आल्या, त्याच्या पायांत घुसल्या.

"शर्त कोंबड्यांची व्हती, रवी. माणसांची नव्हती."

तो बराच वेळ बसला, जेवला. जाताना एका बॅगेत तिनं शेवग्याच्या शेंगा भरून दिल्या. दुसरी रिकामीच गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा ठमाबाई फाटकाशी आली. या वेळी हात मोकळे. तिला पिल्लं हवी होती, पण मागता येईना. ती पट्ट्याच्या अलीकडेच थांबली.

"खुराडं धुतलं?" कुसाबाईनं विचारलं.

"धुतलं. चुना लावला."

"अन् डालगं?"

"ते चांगलं हाय वो. माझ्या आईनं दिल्यालं."

"मग पिल्लं नाय."

ठमाबाई तरातरा निघून गेली. मला वाटलं, संपलं. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा आली. डोळे लाल, पदराला धुराचा वास.

"बाई, डालगं जाळलं."

कुसाबाईनं फाटक उघडलं, पण तिला आत घेतलं नाही. स्वतः बाहेर आली, चप्पल पायांत सरकवली.

"चल. राख दाखव."