भरमूअण्णांनी न बुजवलेली विहीर

भरमूअण्णांशी माझं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहिले तर ते भिडेखातर लिहिलेत असं कुणाला वाटायला नको.

मी वसुधा. बेळगावात बत्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. रिटायर झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून रविवारी सकाळी जुनं गाव दाखवायची फेरी सुरू केली. किल्ला, त्यातलं कमळबस्तीचं जुनं जैन मंदिर, मग खडेबाजार, तिथून आत वळणारे बोळ आणि शेवटी कपिलेश्वर. कॉलेजातली मुलं येतात, परगावचे पाहुणे येतात, कधी नुसते चालायला आलेले पेन्शनर येतात. आणि सहा वर्षं झाली, प्रत्येक फेरीला भरमूअण्णा येतात.

भरमूअण्णा काकतीचे. घर शेतकऱ्याचं, पण उमर गेली शहराच्या पाण्याचे वॉल्व्ह सोडण्यात. वॉल्व्ह फिरवायची छातीएवढी उंच लोखंडी चावी रिटायर झाल्यावरही त्यांच्या हातात असते. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठं वाहतंय, कुठं गळतंय ते सांगायचं. मी कमळबस्तीच्या छतातलं दगडी कमळ दाखवत असावं, सगळ्यांच्या माना वर असाव्यात, आणि मागून आवाज यावा, "बाई, ह्या भित्तीच्या पलीकडनं सहा इंची लाइन जातीया बगा." अशा वेळी माझ्या कपाळाची शीर उडायची.

मग त्यांना बरोबर का घ्यायचं? कारण माझ्या इतिहासावर कुणी दार उघडत नसे. पाणीवाले भरमूअण्णा आलेत म्हटलं की मात्र लोक थेट मागच्या परसापर्यंत वाट मोकळी करायचे. त्यांच्या शब्दाला तेवढी किंमत होती. त्यांनी 'उद्या सातला सोडतो' म्हटलं की बायका पावणेसातला घागरी मांडून बसायच्या आणि सातच्या ठोक्याला नळाला पाणी यायचं. चाळीस वर्षांत तो शब्द एकदाही खाली पडला नाही, असं गल्लीतले लोक सांगतात. मीही सांगायचे.

खडेबाजारातून आत एक बोळ जातो. त्याचं नाव लिहीत नाही, माणसं अजून राहतात तिथं. बोळ पुढं बंद आहे. मधोमध एक चौकोनी कट्टा होता, त्यावर तुळस आणि कुंकू लावलेला एक काळा दगड. पूर्वी तिथं विहीर होती, नळ आल्यावर ती बुजवली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बोळातल्या बाळंतिणी पाणी पुजायला त्या कट्ट्यापाशीच येत. भरमूअण्णा कुणाला त्यावर बसू देत नसत. "देवाची जागा हाय, उठा," म्हणून वसकन अंगावर जायचे. मी आपली सहा वर्षं छाती काढून सांगत आले, की हा दगड म्हणजे जलदेवतेचं फार प्राचीन स्थान, बहुधा किल्ल्याच्याही आधीचं. भरमूअण्णा तेव्हा खाली मान घालून चावीची मूठ पुसत बसायचे. मला वाटायचं, भक्तीनं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खानापूरच्या शिक्षिका होऊ घातलेल्या बावीस मुली आल्या. त्यांची पुढारी दिपाली, वही-पेन घेऊन माझ्या एका शब्दाला दोन प्रश्न विचारणारी. मला असली मुलगी आवडते. किल्ला झाला, खडेबाजारात कुंदा खाऊन झाला आणि अकराच्या सुमारास आम्ही त्या बोळात शिरलो. भरमूअण्णा मागं राहिले होते. कुणा दुकानदाराच्या नळाची तक्रार ऐकत होते.

बोळात कट्टा नव्हता. सिमेंटचा रस्ता करायचा म्हणून शनिवारी जेसीबीनं तो उखडून टाकला होता. जागा सपाट करून वर खडी पसरली होती. तुळस कुणाच्या तरी पायरीवर, आणि माझं प्राचीन दैवत नळाच्या तोटीखाली बादली टेकवायला ठेवलेलं. मला राग आला. त्या रागातच मी मुलींना खडीवरून पलीकडं नेलं, बोळाच्या बंद टोकाला. तिथं एका जुन्या घराची कोरीव चौकट आहे, ती तरी नीट दाखवावी म्हणून.

मी चौकटीवरच्या गणपतीचं सांगायला लागले तेवढ्यात भरमूअण्णा बोळाच्या तोंडाशी आले. कट्ट्याच्या जागी खडी बघून ते जागच्या जागी थांबले. मग चार पावलं पुढं येऊन चावी जमिनीवर आपटली आणि कान लावला. पुन्हा आपटली. मी लांबून बघत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला वाटलं, ह्यांना चक्कर येतीये.

"बाई!" ते ओरडले. "पोरींस्नी तितंच थांबवा. मधी कुनी येऊ नगा. कुनी म्हंजी कुनी!"

मुली हसल्या. मी चिडून म्हटलं, "अण्णा, आता काय पाइपलाइन फुटली का?"

उत्तर द्यायला त्यांना वेळच मिळाला नाही. त्यांच्या मागून टूं टूं करत खडीनं भरलेला टिपर मागं मागं बोळात शिरत होता. बोळ एवढा अरुंद की टिपर आला की तोंड बंद. म्हणजे अलीकडं आम्ही तेवीस बायका, पलीकडं तो टिपर, आणि मधे कट्ट्याची जागा. भरमूअण्णा वळले आणि टिपरच्या मागच्या चाकांपुढं चावी आडवी धरून उभे राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तेव्हा चाक त्यांच्यापासून दोन हातांवर असेल.

रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर नागेंद्र धावत आला. चांगला मुलगा, पण कामाची घाई. "एन री इदु? काय चाललंय अण्णा हे? बाजूला व्हा बघू."

"खाली हीर हाय."

"विहीर होती. बुजवलीय. आम्ही न बघता काम करतो काय?" नागेंद्रनं मोबाइल काढला, त्यात जुन्या फाइलचा फोटो होता. कन्नडातला कागद, १९९९ सालचा. त्यानं तो मोठ्यांदा मराठीत सांगितला. विहीर तळापासून माती भरून बुजवली, वरून पाणी मारून दाबली, काम समक्ष केलं. "आणि खाली सही बघा कुणाची आहे."

भरमूअण्णांनी मोबाइलकडं बघितलं. लिहिता-वाचता त्यांना फारसं येत नाही, पण स्वतःची सही कुणाला ओळखू येत नाही?

"सही माजीच हाय," ते म्हणाले.

"मग झालं की! तुमच्या सहीवर तर साहेबांनी डोळे झाकून परवानगी दिली. भरमूअण्णांची सही आहे म्हटल्यावर परत उकरून बघायची गरज नाही, म्हणाले."

भरमूअण्णा मान खाली घालून चावीची मूठ पुसू लागले. ते का अडले, हे त्या बोळात बहुतेक मला एकटीलाच कळलं असेल. त्यांचा धाकटा मुलगा समर्थ ह्याच साहेबांच्या ऑफिसात सात वर्षं टेंपररी होता. त्याच्या पर्मनंटच्या ऑर्डरवर येत्या आठवड्यात सही व्हायची होती, आणि ती भरमूअण्णांच्या नावाच्या जोरावरच व्हायची होती. फेरीत सकाळपासून त्यांनी मला तीनदा ते सांगितलं होतं. कमळबस्तीतसुद्धा.

दिपालीनं माझा दंड घट्ट धरला. "बाई, खाली खरंच पोकळ असेल?"

मला तिला धीर द्यायचा होता. पण मीच ह्या पोरींना त्याच्यावरून चालवत आणलं होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. नागेंद्रनं भरमूअण्णांच्या खांद्याला हात लावला. "अण्णा, सही तुमची आहे का नाही?"

"सही माजी हाय," भरमूअण्णा म्हणाले, आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्यांदा, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं, "पर ती खोटी हाय. मी हीर बुजवली न्हाय. खोटं लिवून दिलं."

दारादारात माणसं जमली होती, ती उंबऱ्याच्या आत सरकली.

"दर वर्सी चैतात मी त्या हिरीत उतरून गाळ काडायचो. तीन झरे हायती तिला. तिन्ही जिते. जित्या झऱ्यावर माती लोटायची माजी छाती झाली न्हाय. माजा बाप सांगायचा, त्यापरीस मोटं पाप न्हाय. खानापूरच्या वखारीतनं सागवानी वासे आनले, त्येच्यावर दगडी फरश्या टाकल्या, वर हातभर माती, नि कुनाची गाडी जाऊ ने म्हून कट्टा बांदला. वखारवाला म्हनलता, पाण्याच्या वलीत सागवान पंचवीस वर्सं टिकंल." त्यांनी खडीकडं बोट केलं. "औंदा सव्वीसावं हाय."

नागेंद्र मोबाइलवरचा कागद पुन्हा वाचायला लागला. भरमूअण्णांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. "बाई, ऐका. डाव्या अंगाला घरांच्या पायऱ्या हायत्या. त्येच्यावरनं, भित्तीला धरून, येक येक यायचं. पाय खडीवर पडता कामा न्हाय. पळायचं न्हाय. दोगी संगं न्हाय."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला मधेच बोलतात म्हणून गप्प करत आले. त्या दिवशी ते म्हणतील ते वेदवाक्य. मी एकेकीचं नाव घेऊन सोडू लागले. पायरी, मग दुसऱ्या घराचं जोतं, मग तिसऱ्याची पायरी. मधे एके ठिकाणी पायरी फुटकी, तिथं लांब टांग टाकायची. पलीकडं भरमूअण्णा चावी पुढं करायचे, मुलगी ती धरायची आणि उतरायची. बाविसाव्या दिपालीनं विचारलं, "बाई, तुम्ही?" मी म्हटलं, "मी शाळेत लंगडी खेळलेय, तू हो पुढं." फुटक्या पायरीपाशी साडीचा काठ पायात आला आणि एक पाय खडीवर पडलाच. पायाखालची खडी किंचित हलली. तसं आयुष्यात कधी घाबरले नव्हते. चावीचं थंड लोखंड हाताला लागलं आणि भरमूअण्णांनी मला अक्षरशः ओढून घेतलं.

नागेंद्रनं ड्रायव्हरला गाडी पुढं घ्यायला खुणावलं. टिपर हलला, जमीन थरथरली, आणि मुली मघाशी जिथून हसत गेल्या होत्या तिथली खडी भाकरीच्या तव्याएवढी आत गेली. पाठोपाठ आणखी थोडी. मग खालून आवाज आला. डुबुक.

एक मुलगी मुळूमुळू रडायला लागली. नागेंद्रनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाही कळलं नसावं.

अर्ध्या तासात दोरी बांधली गेली, फोन झाले, आणि रविवारची ड्युटी म्हणून पंचनाम्याला ऑफिसातून जो माणूस आला तो समर्थ. त्याला सगळं बाहेर लोकांकडूनच कळलं होतं. तो सरळ भोकाशी गेला, पालथा पडून बॅटरी आत धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग उठून बापासमोर आला.

"आप्पा, मला तरी सांगायचं व्हतं."

"तुझी आर्डर..." भरमूअण्णा म्हणाले.

"साहेब म्हनल्यात, लेखी जबाब पायजे. आजच."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या वाट्याचा गोटा समोर नळाखाली पडलाच होता. मी भरमूअण्णांना विचारलं, "आणि तो दगड?"

"माज्या रानातला," ते ओशाळून म्हणाले. "लोकांनी कट्ट्यावर बसू ने म्हून कुकू लावून ठेवलता. तुमी त्येला किल्ल्याच्या आदीचा म्हनायला लागलासा. मला हसाय येत न्हवतं बाई, भ्या वाटायचं."

कुणाला खोटारडा म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. एका घराच्या पायरीवर बसून त्यांचा जबाब मीच लिहून घेतला. मी, भरमू, राहणार काकती, असं सुरू करून, विहीर बुजवली नाही, बुजवली असं खोटं लिहून दिलं, यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. एक शब्द ते मऊ करू देईनात. मी 'नजरचुकीनं' लिहून वाचून दाखवलं तर म्हणाले, "खोडा त्ये. नजर चांगली व्हती माजी."

समर्थ बाजूला उभा राहून वाचत होता. ऑर्डर त्या आठवड्यात झाली नाही. आज दोन महिने झाले, अजून झालेली नाही. हे त्याला त्या क्षणीच दिसत असणार. तरी त्यानंच खिशातलं पेन काढून बापापुढं धरलं. "करा सही, आप्पा."

भरमूअण्णांनी पेन घेतलं, कागद गुडघ्यावर सरळ केला आणि थांबले. मला वाटलं, धीर सुटला.

"बाई, येक वळ आनि घाला," ते म्हणाले. "पानी अजून जितं हाय म्हून."

मी ती ओळ घातली. मग त्यांनी सही केली.