आपा टेबलावर झोपतात

आपांना ओळखत नाही असा माणूस या भागात शोधूनही सापडायचा नाही. धंदा शिवणकामाचा, तोंड फटकळ. दुसरीकडून बिघडवून आणलेलं कापड पाहिलं की त्या बाईला चारचौघींत सुनावतात आणि मग तेच कापड फुकटात नीट करून देतात. पण आपांचं खरं काम मशिदीत. आसपासच्या सगळ्या गावांना मिळून ही एकच मशीद. वर नमाजाची जागा. खाली मुलांचे वर्ग, वाचनालय, बायकांचा हॉल. आणि मागच्या अंगाला, जिथे कोणी उगाच फिरकत नाही, ती मयतीला शेवटची अंघोळ घालायची खोली. बाईला अंघोळ बाईनेच घालायची असते, आणि कित्येक वर्षं ती बाई म्हणजे आपा.

यंदा त्यांच्या उजव्या खांद्याने संप पुकारला. भरलेला तांब्या उचलेना. कमिटीने ठरवलं, दुसरी कोणी तयार झाली नाही तर बायकांच्या मयती यापुढे शहरातल्या मोठ्या मशिदीत न्यायच्या. आपांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर आपल्या माणसांत वावरलेल्या बाईला शेवटी अनोळखी हातांत द्यायचं? त्यांनी तिथल्या तिथे बायकांच्या हॉलमध्ये वर्ग जाहीर केला.

वर्गासाठी त्यांनी दुकानातला कापडी पुतळा आणला. तो टेबलावर आडवा केल्यावर लक्षात आलं की याला ना हात, ना तोंड, धुवायचं काय? बायका हसू दाबू लागल्या. तेव्हा आपा स्वतःच कपड्यांनिशी टेबलावर चढल्या, अंगावर चादर ओढली आणि बजावलं, "मयत बोलत नसते. मीही बोलणार नाही. करा सुरू."

आता आपा आणि गप्प बसणार! बेकरीवाल्याच्या बायकोने डावा हात आधी धरला, तशी मयत ताडकन उठून बसली. "उजवीकडून," मयत म्हणाली. बेकरीवालीच्या हातातला तांब्याच सुटला. पुढचीने अंगावरची चादर घसरू दिली, तेव्हा मयत पुन्हा उठली आणि या वेळी बरंच काही बोलली. मग एकेकीला घरची कामं आठवू लागली.

आपांची सून दाराशी उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि आली होती फक्त सासूला घरी न्यायला. तिच्या आईला आपांनीच त्या मागच्या खोलीत अंघोळ घातली होती. पोरीला आत जाणं जमलं नाही. ती बंद दाराबाहेर बसून राहिली. तेव्हापासून ती मशिदीच्या मागच्या बाजूला कधी आली नाही. जगाला फैलावर घेणाऱ्या आपांनी तिच्याकडे तो विषय कधी काढला नव्हता. तेवढी छाती त्यांचीही नव्हती.

बायका पिशव्या उचलून निघाल्या. ओल्या कपड्यांत पडल्यापडल्या आपांना पहिल्यांदा वाटलं, आपण हरलो.

मग कोणीतरी तांब्या उचलला. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं. चादर गळ्यापर्यंत सारखी केली. आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "घाबरू नका हं. आता उजव्या हातावर पाणी टाकते."

हे वाक्य आपांनी वर्गात शिकवलं नव्हतं. ते कुठल्या नियमात बसत नाही. बंद दाराआड प्रत्येक मयतीला त्या ते आपणहून सांगायच्या, आणि कोणी ऐकत असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"दाराबाहेरून ऐकलं होतं, अम्मी," सून म्हणाली. "तुम्ही आईशी बोलत होता, म्हणून मी तिथं बसू शकले."

मग तिने डावा हात धुतला, पाय धुतले. जायला निघालेल्या बायका परत येऊन टेबलाभोवती उभ्या राहिल्या. पाणी जरा गारच होतं आणि डाव्या पायाला घाईही झाली. पण या वेळी मयत उठून बसली नाही.