विरघळलेला छल्ला

माझे सासरे कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. लग्न होऊन मी अकोटजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यादेखत दुधात बोट बुडवलं आणि तो थेंब नखावर किती वेळ टिकतो ते पाहत बसले. दूधवाला त्यांचा सख्खा मावसभाऊ होता. तो तिथंच उभा होता आणि त्याला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही.

आमचा पानमळा आहे. विड्याच्या पानांच्या धंद्यात करंडीच्या वरच्या थरात तळहाताएवढी चकचकीत पानं आणि खाली दागी, फाटकी पानं लावणारे लोक असतात. व्यापारीही मग सरळ कोपरापर्यंत हात घालून तळातलं पान उपसतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुणाकडूनही काहीही घेताना असाच तळाला हात घालतात. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, तसंच हे, असं मी एकदा बोलून दाखवलं. ते हसले नाहीत. “तू मास्तरीन. तुले फळ्यावर लिहेल सारं खरं वाटते,” एवढंच म्हणाले.

मी अकोटच्या शाळेत विज्ञान शिकवते. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे, सुटी मिळेल तेव्हा घरी येतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मामाजींच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा गाडी करून त्यांना अकोल्याच्या एका दवाखान्यात मी एकटीनंच नेलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. तिच्यात जाळी बसवायची होती. आमच्याकडे तिला छल्ला म्हणतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नेहमीची धातूची टाकायची की नवी, विरघळणारी? ती नळीला काही काळ आधार देते, नळी सावरली की दोनतीन वर्षांत आपोआप विरून जाते, अंगात परकं काही उरत नाही. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. मामाजी आत स्ट्रेचरवर होते. या पदार्थाबद्दल मी वाचलेलं होतं. मक्याच्या साखरेपासूनही बनवता येतं अशा जातीचं ते प्लास्टिक, शेवटी त्याचं पाणी आणि वायू होतो. किती देखणी कल्पना आहे ही, असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, विरघळणारी टाका.

मामाजींना नंतर मी इतकंच सांगितलं की छल्ला एकदम नव्या तऱ्हेचा आहे. ते खूश झाले. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत शर्टाचं बटण उघडून छातीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “अठी बसवेल हाय. नव्या तऱ्हेचा.” तीनेक वर्षांनी तपासणीला गेल्यावर एका तरुण डॉक्टरनं हसत हसत त्यांना सांगून टाकलं, “काका, आता काही नाही तिथं. विरघळून गेली असेल तुमची जाळी.” तोवर हा आनंद टिकला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी शर्टाचं बटण उघडलं नाही. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी म्हणाले, “विरघळला म्हंते! मंग टाकला होता कशावरून?”

मी समजावलं, मक्याच्या साखरेचंही सांगितलं. फळ्यावर काढावी तशी कागदावर नळी काढली, आत जाळी काढली, मग ती खोडून दाखवली. त्यांनी खोडलेल्या जागेकडे पाहिलं. “चांगला धंदा हाय. टाकायचं नाई अन् विरघळलं म्हनायचं. मीबी असाच माल इकतो उद्यापासून. पानं टाकली होती साहेब, हवेत उडून गेली.” आणि मग जरा वेळानं, “मक्याचा छल्ला! माह्या छातीत! कोंबडी हाये का मी?”

मला हसू आलं आणि रागही आला. पण खरं सांगायचं तर त्यांच्या संशयाला आधार नव्हता असं नाही. आमच्या थोड्या रानात कपाशी असते. बियाण्यातच असं जनुक घातलंय की बोंडअळी मरेल, फवारणीची कटकट गेली, असं त्यांना मोठमोठ्या लोकांनी सांगितलं होतं. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग गुलाबी अळी त्याच बोंडात घर करून राहिली. अळीनंही स्वतःत बदल करून घेतला, याला विज्ञानात काय म्हणतात ते मी त्यांना सांगायला गेले होते. ते म्हणाले, “बियात काय घातलं थे नाई दिसलं. अळी दिसली.” आता छल्लाही दिसत नव्हता.

त्यात भर म्हणजे संशयाची ही लागण मलाही झाली. ऑपरेशनच्या चित्रणाची सीडी कुठं सापडेना, म्हणून मी अकोल्याला जाऊन मागितली. ज्यांनी जाळी टाकली ते डॉक्टर दवाखाना सोडून दुसऱ्या शहरात गेले होते. खिडकीतल्या मुलीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, इतकं जुनं आता निघत नाही. का निघत नाही? कंप्युटर बदलला. माझ्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन मी मोबाईलवर वाचत बसले. अशा जाळ्यांच्या आधीच्या पिढीतल्या काही बाजारातून मागे घेतल्या गेल्या होत्या, धातूच्या जाळीपेक्षा त्यांच्यात गुठळी होण्याचा धोका जास्त निघाला म्हणून. मी निवडली ती तसलीच होती की सुधारलेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. देखणी कल्पना! मामाजींना यातलं मी काही बोलले नाही. पण त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता आणि ते त्यांना ऐकू येत असणार.

जाळी विरली तरी गोळ्या संपत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी एक, चरबीची एक, जन्मभर. रोज जेवणानंतर मी त्या त्यांच्या तळहातावर ठेवायची, ते तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, आणि मग स्वतःच्या मळ्यातलं पान लावून अंगणात जाऊन बसायचे. गोळ्यांचं पाकीट वेळेवर संपत होतं. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती, आणि घरात एवढा संशय भरलेला असताना नेमकी तिथंच ती नव्हती, याचं मला आजही नवल वाटतं.

एका सकाळी अंगण झाडताना कुंपणाशी त्यांच्या पिंकेचा लाल डाग दिसला. त्यात पांढरं काहीतरी होतं. चुना असेल म्हणून मी झाडू फिरवला, तर त्याचा गोल आकार दिसला. मी तिथंच खाली बसले. कुंपणाच्या कडेनं पाहत गेले तर जुन्या डागांतही तसेच फुगलेले, भुगा झालेले कण होते. गोळ्या गालात धरून ठेवायच्या, वर पान कोंबायचं आणि पिंकेबरोबर बाहेर टाकायच्या! पानमळ्याच्या मालकाशिवाय हे कुणाला सुचलं नसतं.

ते मळ्यात होते. मी चपला बांधावर काढल्या आणि तरातरा आत गेले. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, नागवेल बाटते म्हणतात. बायकांनी ‘त्या’ दिवसांत तर पाऊलही टाकायचं नाही. त्या दिवशी मला हा नियम आठवायला हवा होता. मी तो मुद्दाम आठवला नाही.

ते वेल बांधत होते. शेवरीच्या झाडावर वेल चढवतात आणि जागोजाग ओल्या लव्हाळ्याच्या पातीनं बांधतात. मी ओरडलेच. “गोळ्या थुंकता तुम्ही? मरायचंय?”

“नसल्या छल्ल्याची गोळी कायले खायाची?” ते शांतपणे म्हणाले. “मुळात काही टाकलंच नाई. तरी मी ठनठनीत हाय का नाई? म्हंजे आजारबी खोटाच होता.”

गोळी छल्ल्यासाठी नसते, तुमच्या रक्तासाठी, दुसऱ्या नळ्यांसाठी असते, असं मी सांगत होते आणि त्यांचे हात काम करत होते. ते पाहताना मला एकदम सुचलं. मी त्यांच्या हातातली पात धरली. “मामाजी, वेलाला तुम्ही सुतळी का नाही बांधत? तार का नाही बांधत?”

“तार काचते. येल मरते.”

“आणि लव्हाळं?”

“सडून जाते.”

“मग वेल खाली पडतो?”

ते थांबले. “तवरिक त्याची मुयं शेवरीले धरतात ना.”

“तसंच होतं ते! अगदी तसंच! आधार दिला, नळी सावरली, आधार विरून गेला.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस फळ्यावर जे जमलं नव्हतं ते त्यांच्याच मळ्यात, त्यांच्याच भाषेत जमलं होतं. आता त्यांच्याकडे उत्तर नाही, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्या हातातून पात सोडवून घेतली आणि गाठ पूर्ण केली. “लव्हाळं मी सोता बांधतो,” ते म्हणाले. “रोज सकाळी साऱ्या वाफ्यायतून फिरतो. येखांदी गाठ लवकर सडली, येल लोंबला, त मले दिसते. मी दुसरी बांधतो. माह्या छातीत कोन फिरते, सूनबाई? थो डाक्टर त गाव सोडून गेला.”

मी बांधावर येऊन चपला घातल्या आणि शाळेला गेले. त्या दिवशी मुलांना मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडून दाखवत गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पटलं म्हणून नाही, मी जेवणं बंद केलं म्हणून. पण उशीर झाला होता. थंडी सुरू होता होता मळ्यातून येताना ते दोनदा वाटेत बसले, आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, “दुखून राह्यलं.” या वेळी त्यांना आम्ही अमरावतीला नेलं. अकोल्याच्या त्या दवाखान्याचं नाव काढायची हिंमत माझ्यातही नव्हती. बडनेऱ्याहून नवरा आमच्या आधी पोचला होता.

नळ्यांची तपासणी मनगटातून तार घालून करतात आणि माणूस पूर्ण जागा असतो. आम्ही दोघं काचेच्या अलीकडे उभे होतो. आतलं बोलणं स्पीकरवर ऐकू येत होतं. पडद्यावर त्यांचं हृदय हलत होतं, डॉक्टरनं औषध सोडलं की नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उमटायच्या आणि पुसून जायच्या. मी मागची सगळी हकीकत डॉक्टरांना आधीच सांगितली होती. त्यांनी मामाजींना पडद्यावर बोट दाखवलं. “हे बारीक काळे ठिपके दिसतात? तुमच्या विरघळलेल्या जाळीच्या दोन टोकांना धातूच्या खुणा असतात. त्या राहतात. जाळी होती काका. आणि ही नळी बघा, छान मोकळी आहे.”

मी काचेला हात टेकला. होती. होती तर!

मामाजी पडद्याकडे बघत होते. “हा फोटू माहाच कशावरून?”

“तुमच्याशिवाय इथं झोपलंय कोण?”

मामाजी अचानक जोरात खोकले. ठिपके टुणकन उडाले. “काका, हलू नका,” डॉक्टर म्हणाले. ते पुन्हा खोकले, ठिपके पुन्हा उडाले. मग त्यांनी श्वास रोखून धरला, सगळ्यांना वाटलं आता शांत झाले, आणि बेसावध गाठून तिसऱ्यांदा खोकले. ठिपके उडाले. माझ्या शेजारी नवरा चिडून काहीतरी पुटपुटला. मला मात्र हसू आवरेना, मी तोंडावर पदर धरून हसत होते आणि डोळे वाहत होते.

“हाय,” स्पीकरवर त्यांचा आवाज आला. “माहंच हाय.”

डॉक्टर बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. जुनी जागा चांगली आहे, पण दुसऱ्या नळीत नवा अडथळा आहे, बराच मोठा. गोळ्या मध्येच सुटल्या त्याचा परिणाम असू शकेल. आताच जाळी टाकावी लागेल. “विरघळणारीही बसेल इथं, नव्या प्रकारातली. धातूचीही बसेल. धातूचा अनुभव जास्त वर्षांचा आहे. ठरवा.” त्यांनी नवऱ्यापुढे सहीचा कागद धरला.

नवऱ्यानं पेन घेतलं. काचेपलीकडून मामाजींनी ते पाहिलं असावं, कारण स्पीकर खरखरला.

“त्याले नाई. सूनबाईले इचारा.”

डॉक्टर माईकवर म्हणाले, “काका, मुलगा आहे ना इथं.”

“हाये ना. पन सूनबाईले इचारा. थे सांगन थेच टाका.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कोणता म्हणून विचारलं नाही, काहून म्हणून विचारलं नाही, पडद्याकडेही पाहिलं नाही. बाजारातून घरी परतलेल्या माणसासारखे ते निवांत पडून राहिले.

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते, नवरा माझ्याकडे पाहत होता. मामाजी माझ्याशी भांडले असते, मला खोटारडी म्हणाले असते, तर मी त्यांना पटापटा सगळं समजावून सांगितलं असतं. पण आत पडलेल्या माणसाला आता काहीच समजावून नको होतं. आणि मला तर कशाचीच खात्री राहिली नव्हती, डॉक्टरची नाही, मोबाईलवर वाचलेल्याची नाही, माझी स्वतःची तर मुळीच नाही.

“धातूची,” मी म्हटलं, आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच वाटलं, चुकलं तर?

आत मामाजी घोरायला लागले होते.