सिस्टरच्या तीन चुली

कुणाच्या तरी घरी जेवावं लागू नये म्हणून तुम्हाला कधी अचानक उपास लागला आहे का? खरं सांगा. आमच्या गावात या उपासाला वार लागत नाही, तिथी लागत नाही. बौद्ध वस्तीतल्या घरात ताट पुढे आलं की भल्याभल्यांना तो लागतो. सिस्टर या उपासांची पक्की वैरीण होती. ती कुणाला माफ करत नसे आणि ते लपवतही नसे. "विसरायला म्या येडी हाय का? अन् माफ करायला त्यांनी माफी तरी कुठं मागितली?" असं ती उघड म्हणायची.

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारची सरकारी नर्स. हिंगोली जिल्ह्यात, कुरुंद्याच्या पलीकडच्या आमच्या गावात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. आम्ही वस्तीतली पोरं तिला अगं-तुगं करायचो. रागाच्या बाबतीत तिचा एकच नियम होता: सूड काढायचा, पण तो ज्याचा त्याच्यावर.

तिचा सगळ्यात जुना राग मालकांवर होता. मालक म्हणजे गावातले सर्वांत मोठे हळदवाले शेतकरी, दोनदा सरपंच झालेले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा सिस्टरनं आई आणि लेकरू दोघांनाही वाचवलं. बारशाला तिला मानानं निरोप आला. ती आपल्या लहान मुलीला नवा झगा घालून घेऊन गेली. पंगत ओसरीवर बसली, आणि या दोघींची पत्रावळ गोठ्याशेजारी मांडली गेली. मुलीनं विचारलं, "आई, आपण ढोरापाशी काहून बसलो?" सिस्टर न जेवता उठली. पण त्या बाळाच्या लसीचा एकही डोस तिनं पुढे चुकवला नाही. "लेकरानं काय केलं व्हतं?" ती म्हणायची. "माझा हिसाब त्याच्या आज्याशी हाय."

फुटबॉलचं वेड तिला नर्सिंगच्या होस्टेलात लागलं. खोलीत केरळची मैत्रीण होती. ती मॅचच्या दिवशी मेसमधून भात पळवून आणायची आणि रडत-ओरडत मॅच बघायची. सिस्टरनं अर्जेंटिनाची बाजू घेतली ती रंगावरून. "निळं-पांढरं हाय, आपलंच समज." अख्खं गाव क्रिकेट बघायचं तेव्हा सिस्टर एकटी चष्मा लावून ऑफसाइडवर भांडायची. मागच्या विश्वचषकात अर्जेंटिना फायनलला गेली आणि समोर आले तेही निळ्या शर्टातले. "दोन्हीकडून निळंच," ती म्हणाली. "अवंदा आपण हारतच न्हाई."

त्याच सुमारास निवडणुकीचं वारं सुटलं होतं. मालक वस्तीत येऊन हात जोडत होते, चहा मात्र टाळत होते. मी चिडून म्हटलं, "सिस्टर, यावर एक पत्रक काढते." ती म्हणाली, "पत्रक वाचाया कोण येतंय? जेवाया येतेत. फायनल माझ्या अंगणात दाखवू, अन् समद्या गावाला जेवाया सांगू."

फायनलच्या रविवारी तिनं अंगणात विटांच्या तीन चुली मांडल्या. पहिल्या चुलीवर मटणाचा रस्सा. दुसऱ्या चुलीवर माळकऱ्यांसाठी भरली वांगी आणि वरण, तेही नव्या कोऱ्या भांड्यांत. मी भांड्यांचे स्टिकर काढायला लागले तर माझ्या हातावर चापट बसली. "ऱ्हाऊ दे. कोन म्हनलं भांडं बाटलेलं हाय, तर त्याला स्टिकर वाचाया लावते." तिसऱ्या चुलीवर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. एकेक चूल म्हणजे एकेक बंद केलेली पळवाट होती. हिंगोलीहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला आणि भिंतीला पांढरी चादर बांधली.

मालक आले. मतांसाठी यावंच लागलं. शिवाय नांदेडला कॉलेजात फुटबॉल खेळणारा नातू त्यांना ओढत घेऊन आला. हा तोच, बारशातला.

"मालक, हात धुवा," सिस्टर म्हणाली.

"नको सिस्टर. माळ हाय माझ्या गळ्यात."

"म्हाईत हाय. ती मधली चूल माळकऱ्यांचीच. भांडी नवी हायत, स्टिकर बघा."

"तसं न्हाई. आज एकादस हाय."

"एकादस उद्या हाय. कॅलेंडर माझ्याबी भिंतीला हाय."

"म्या आदल्या दिसापासून धरतो."

"धरा की. तिसरी चूल भगरीची."

मालक घुटमळले. "आत्ताच पोटभर जेवून आलो, बाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "उपासाला पोटभर, मालक?" अंगण हसून लोळलं. सगळ्यांत जोरात नातू हसला. त्याच्या हातात रश्श्याची दुसरी वाटी होती. सिस्टर हसली नाही. "बसा," एवढंच म्हणाली.

मालक खरं तर उपाशी होते. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन ते घरूनच टोचून आले होते; मध्यंतरात हळूच सटकून घरी जेवायचं, असा त्यांचा बेत होता. पण मध्यंतरात नातू हलेना, आणि मतदारांसमोरून उठून जायची चोरी झाली. पट्टेवाले, म्हणजे अर्जेंटिना, दोन गोलनं पुढे होते, ती आघाडी शेवटी शेवटी चटकन गेली आणि मॅच लांबली. अंगणात किंचाळ्या चालल्या होत्या. मालकांना थंडीत घाम फुटला, हात कापायला लागले, जीभ जड झाली. चादरीवरची नजर काढून तिकडे पाहिलं ते एकट्या सिस्टरनं. इतकी वर्षं ज्या सामन्याची वाट पाहिली तो तसाच टाकून ती धावली. पेल्यात साखर कालवून त्यांच्या ओठाला लावली. त्या अवस्थेतही ते पेल्याकडे बघत राहिले. "प्या. औषध हाय," ती म्हणाली. ते प्याले.

थोड्या वेळानं ते सावरले, उठले, हात जोडले. "उपकार झाले सिस्टर. शेवटी तुमच्या घरचं खाल्लं बघा."

"खाल्लं न्हाई, मालक. ते औषध व्हतं." तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्सं माझ्या हातची औषधं घेऊन राहिलात, ती तुमाला कवाच बाटली न्हाईत. भाकर तेवढी बाटती. साखर परत उतरंल, पोटात अन्न पाह्यजे. बसा पंगतीत."

चादरीवर पेनल्टी चालू होत्या. कुणीतरी गोल मारला, पण टाळी पडली नाही. सगळं अंगण मालकांकडे बघत होतं. ते बसले. सिस्टरनं स्वतः वाढलं: भाकरी, वांगं, वरण. त्यांनी मान खाली घालून खाल्लं. शेवटच्या घासापर्यंत ती समोर उभी होती. "आणिक वाढू?" त्यांनी मानेनं नको म्हटलं. तिनं तरीही वाढलं.

अर्जेंटिना जिंकली, पण मला तर कप आपणच उचलल्यासारखं झालं होतं. "जिंकलो, सिस्टर!" ती पातेलं घासत होती. "कुठं जिंकलो? भुकेनं खाल्लं त्यानं, लाजंनं न्हाई. माझी पोरगी अन् म्या त्याच्या ओसरीवर बराबरीनं बसून जेवू, तवा फिटंल."

पुढच्याच आठवड्यात वस्तीच्या चौकात मालकांची सभा झाली. माइकवरून ते म्हणाले, "मी भेदभाव मानत नाही. मी सिस्टरच्या घरी जेवलेला माणूस आहे." तिनं वाढलेलं ताट ते आता मतांसाठी फिरवत होते. सिस्टर खालून उठली.

"जेवलात, बराबर हाय. आता आमी तुमच्या घरी कवा येऊ जेवाया? आत, ओसरीवर. दिवस सांगा."

"सिस्टर, घर तुमचंच हाय."

"माझं हाय तर आत्ताच चला."

मालक खोकले आणि रस्त्याच्या कामाबद्दल बोलायला लागले.

ते बोलावणं कधी आलं नाही. सिस्टरनं वाट पाहणं सोडलं नाही. सण आला की मुलीला पुण्याहून बोलावून घ्यायची, दोघी नव्या साड्या नेसून दारात बसायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, "कुठं निघालात?" ती मालकांचं नाव घेऊन मोठ्यानं सांगायची, "त्यांच्या निरोपाची वाट बघून राहिलो." गावाला लाज वाटावी म्हणून ती हे करायची. काहींना वाटलीही. मालकांना नाही. मागच्या उन्हाळ्यात सिस्टर गेली. शोकसभेत मालकांनी तिच्या सेवेवर लांबलचक भाषण केलं. मी मध्येच उठून निघून आले.

आता त्यांच्या नातवाचं लग्न आहे. वस्तीत घरोघरी पत्रिका आल्या आहेत, 'सहकुटुंब' लिहिलेल्या. मी नातवाला फोन करून विचारलं, "सिस्टरची मुलगी येणार आहे. ती कुठं बसणार?" ज्याला सिस्टरच्या हातांनी पहिल्यांदा उचललं, जो तिच्या अंगणात दोन वाट्या रस्सा प्याला, तो म्हणाला, "लग्नात हा विषय नको काढू यार. घरच्यांना तकलीफ होते."

होऊ द्या. म्हणून तर हे लिहिलं. गावकऱ्यांनो, आणि ज्यांच्या गावात असंच एखादं घर आहे त्या सगळ्यांनो, लग्नाला जरूर जा. पंगतीत बसा, पान वाढू द्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, की सिस्टरच्या मुलीचं पान कुठं मांडलं आहे. ती तुमच्या शेजारी येऊन बसेपर्यंत अन्नाला हात लावू नका.