रॅम्पची आडवी बाजू

रंजीताला लोकांच्या हातांची शिसारी होती. तीन वर्षांची असताना तिचे पाय गेले आणि तेव्हापासून तिला उचलणारे हात काही संपले नाहीत. लहानपणी बापाची पाठ होती, ते ठीक. पुढं मात्र जो तो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, तिच्या काखेत घामट हात, आणि वर "हलकी आहे हो पोरगी" हे कौतुक. बी.एड. झाली, तीही पोत्यासारखी जिन्यांवरून वाहून नेली जात.

धानोऱ्याकडच्या एका शाळेत दहावीच्या गणिताचे तास मिळाले, तेव्हा तिनं एकच अट घातली. रॅम्प पाहिजे. चाकाच्या खुर्चीवर, आपल्या हातानं वर्गात जाता आलं तरच येईन. हेडसर हो म्हणाले. झाला की रॅम्प. पिवळा रंग लागला, फोटोही निघाला.

पहिल्या दिवशी तिनं तो पाहिला. व्हरांडा तीन फूट उंच आणि तिरपा उतार जेमतेम पाच फूट. ती अर्ध्यावर गेली तोच खुर्ची मागं कलंडायला लागली. दोघांनी धरली म्हणून वाचली. रॅम्प बांधणारा दिनेश तिथंच पिचकारी टाकत उभा होता.

"मॅडम, चार पोरं उचलून नेतीन ना तुमाले. कायले टेन्शन घेता?" म्हणाला आणि पुन्हा थुंकला.

नेलं चार पोरांनी. तिनं फळ्यावर तोच रॅम्प काढला. "उंची तीन, तिरपी बाजू पाच. जमिनीवरची आडवी बाजू किती?"

पहिल्या बाकावरच्या पुनमनं झटकन सोडवलं. पंचविसातून नऊ गेले, उरले सोळा, त्याचं वर्गमूळ चार.

"बरोबर. आता सांग, चाकाच्या खुर्चीले एक फूट चढाले बारा फूट जमीन लागते. तीन फुटाले?"

"छत्तीस."

"आन दिली किती?"

"चार."

मग मागून जंगू म्हणाला, "मॅडम, आमी आहो ना. रोज उचलून आणू."

पोरगं मनापासून बोललं होतं, म्हणून तर तिला जास्तच किळस आली. गणित यांना येत होतं. पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण छत्तीसच्या जागी चार दिले, याचं एकालाही काही वाटलं नव्हतं. हेही मोठे होऊन असलेच रॅम्प बांधतील, फोटो काढतील.

दुसऱ्या दिवशी ती खालीच थांबली. पोरं बाह्या सरसावत धावली.

"मले हात लावाचा नाई," ती म्हणाली. "फळा आणा खाली."

हेडसर बाहेर आले. "मॅडम, केवढा जड फळा आहे तो. काऊन उचलाले लावता पोराईले?"

"माणूस उचलता येते, मंग फळा काऊन नाई?"

चौघांनी धापा टाकत फळा आणला आणि त्या पिवळ्या रॅम्पला टेकवला.

"ऊन लागन मॅडम पोराईले," सर हळूच म्हणाले.

"लागू द्या. रॅम्प नीट झाला का येतो वर, सगळेच."

तिनं खडू घेतला आणि कालचीच आकृती पुन्हा काढली.